काजवे, कोट आणि करवत : अर्धशिशीच्या दृष्टिचिन्हांचा वाङ्मयीन इतिहास

१

आजारपणाविषयी बोलताना भाषा तोकडी पडते, हे विधान आता जवळजवळ सिद्धान्ताच्या पदवीला पोचले आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आजारपणावरील निबंधात इंग्रजीविषयी ही तक्रार केली, आणि त्यांच्या मोजक्या उदाहरणांत डोकेदुखीही होती. एलेन स्कॅरी यांनी १९८५ मध्ये ती तक्रार टोकाला नेली : तीव्र वेदना भाषेला नुसती चकवत नाही, भाषा मोडूनच टाकते. वेदनेपुरते हे मान्य केले तरी वेदनेच्या अलीकडे जे घडते त्याचे काय, हा प्रश्न उरतो. प्रस्तुत लेख त्या अलीकडच्या प्रदेशाविषयी आहे.

अर्धशिशीच्या रुग्णांपैकी सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याला डोके दुखू लागण्यापूर्वी दिसण्यात विलक्षण बदल जाणवतो. दृष्टीच्या मध्याजवळ एक लहानसा ठिपका उमटतो. वाचत असल्यास ओळीतील एखादे अक्षर गळाल्यासारखे वाटते. मग त्या ठिपक्याच्या कडेला चमकणारी, थरथरणारी, दातेरी रेघ दिसू लागते. ती हळूहळू चंद्रकोरीसारखी बाहेर पसरते, तिच्या आतल्या बाजूस काही न दिसणारा पट्टा राहतो, आणि वीस-तीस मिनिटांत सगळे दृष्टीच्या कडेला जाऊन विरते. डोळे मिटले तरी ते दिसते. एक डोळा झाकला तरी दुसऱ्यात असते. त्यानंतर, बहुधा तासाभरात, डोके उठते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १९८८ पासून या प्रकाराला ‘ऑरासहित अर्धशिशी’ असे नाव आहे आणि ऑराचा कालावधी पाच ते साठ मिनिटांचा मानला जातो.

या अनुभवापुरती भाषा कधीच तोकडी नव्हती, असे माझे प्रतिपादन आहे. प्रतिमा विपुल होत्या, आणि ‘आधीचे चिन्ह’ ही संकल्पनाही होती. उणीव होती ती प्रतिमा आणि वेदना यांना काळाच्या सूत्रात ओवणाऱ्या निवेदनाची. दिसणे आणि दुखणे यांच्यामध्ये ‘मग’ हा शब्द कोणी, कोणत्या लेखनप्रकारात आणि कधी घातला, हा या चिन्हांच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. म्हणूनच तो केवळ वैद्यकाचा प्रश्न राहत नाही. साहित्याच्या अभ्यासकाचाही होतो.

२

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील तीन अध्याय शेजारी ठेवून वाचले तर मुद्दा स्पष्ट होतो.

सातव्या अध्यायात दृष्टीच्या रोगांचे वर्णन आहे. दोष डोळ्याच्या दुसऱ्या पटलात शिरला की माणसाला माश्या, डास, केस, जाळी, वर्तुळे, पताका, किरण, कुंडले, पाऊस, ढग आणि काळोख दिसू लागतो. पित्ताने होणाऱ्या तिमिरात सूर्य, काजवे, इंद्रधनुष्य, वीज आणि मोरपिसासारखे निळे-काळे विचित्र रंग दिसतात. यांतील बराचसा भाग आज आपण मोतीबिंदू, नेत्रपटलाचे विकार किंवा डोळ्यापुढे तरंगणारे ठिपके यांच्या खात्यावर टाकू. हे सारे अर्धशिशीचे वर्णन आहे असा दावा मला करायचा नाही. जे बाहेर नाही ते दिसते तेव्हा कसे दिसते, हे सांगणारी एक समृद्ध शब्दसंपदा या परंपरेत सिद्ध होती, एवढेच येथे महत्त्वाचे.

पंचविसाव्या अध्यायात डोक्याचे अकरा रोग येतात. त्यांतील अर्धावभेदक आजच्या अर्धशिशीला सर्वांत जवळचा. डोक्याच्या अर्ध्या भागात फुटल्यासारखी, टोचल्यासारखी तीव्र वेदना, तिच्यासोबत भ्रम, आणि पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी किंवा अकस्मात येणारा झटका, अशी लक्षणे दिली आहेत. झटक्याच्या पुनरावृत्तीचे हे भान लक्षणीय आहे. पण सातव्या अध्यायातील काजवे आणि इंद्रधनुष्य येथे फिरकत नाहीत. डोळा येतो तो वेदनेची जागा म्हणून, नाही तर वेदनेचा परिणाम म्हणून. चरकाच्या सिद्धिस्थानातही अर्धावभेदक वाढला तर डोळा किंवा कान निकामी करतो, असा इशारा आहे. म्हणजे या कथेत डोळा शेवटी येतो आणि तोही बळी म्हणून. कथेच्या आरंभीचा साक्षीदार ही भूमिका त्याला मिळालेली नाही.

तशी भूमिका देणे परंपरेला अशक्य होते असे म्हणावे, तर एकसष्टावा अध्याय आडवा येतो. विषय अपस्माराचा आहे. येथे संहिताकार रुग्णालाच बोलू देतो. एक काळे, विकृत सत्त्व माझ्या मागे धावते आणि मग माझी शुद्ध जाते, असे जो सांगेल त्याचा अपस्मार वाताचा. तेच सत्त्व पिवळे असेल तर पित्ताचा, पांढरे असेल तर कफाचा. तीन गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत : प्रथमपुरुषी कथन, दिसलेली आकृती आणि ‘ततः’ हे अव्यय. दिसणे आणि कोसळणे यांना जोडणारे वाक्य या ग्रंथात घडलेले आहे. डोकेदुखीच्या वाट्याला मात्र ते आले नाही.

याचे कारण संकल्पनेच्या अभावात शोधता येत नाही. निदानपंचकात ‘पूर्वरूप’ ही स्वतंत्र कोटी आहेच. उलट एक स्पर्धक संकेतव्यवस्था मात्र प्रबळ होती. चरकाच्या इंद्रियस्थानात ढगांवाचून वीज दिसणे, नसलेले किरण किंवा मेघ दिसणे ही मरणाची लक्षणे, म्हणजे अरिष्टे मानली आहेत. एकच प्रतिमा अशा प्रकारे तीन घरांत राहू शकत होती : डोळ्याचा रोग, येणाऱ्या झटक्याचे पूर्वरूप आणि मृत्यूचे अरिष्ट. पुन्हापुन्हा वीज पाहून पुन्हापुन्हा जिवंत राहणाऱ्या माणसाला चौथे घर हवे होते, आणि ते बांधायला त्याचे स्वतःचे कथन लागणार होते.

ग्रीक परंपरेची गत फारशी वेगळी नाही. अरेटायसने डोक्याच्या एका बाजूच्या दुखण्याचे वर्णन केले. पण जांभळ्या-काळ्या चमका आणि इंद्रधनुष्यासारखे रंग यांची नोंद अपस्माराच्या झटक्यासंबंधी केली. ‘ऑरा’ हा शब्दही अपस्मारातूनच आला. पायाकडून वर चढणारी थंड झुळूक, हे गालेनच्या ग्रंथात रुग्णाने केलेले वर्णन, आणि झुळूक हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ.

३

युरोपातही ही जोड पक्की व्हायला अठरावे शतक उलटावे लागले. लंडनचे वैद्य जॉन फॉदरगिल यांच्या १७८४ साली छापलेल्या निबंधात मळमळीसह येणाऱ्या डोकेदुखीच्या आरंभी दृष्टीत एक विशेष लुकलुक येते आणि वस्तूंभोवती तटबंदीच्या कोनांसारखे प्रकाशाचे कोन दिसतात, अशी नोंद आहे. तटबंदीची उपमा येथून रूढ झाली. तिला शास्त्रीय प्रतिष्ठा मात्र वैद्यांनी दिली नाही. ती दिली खगोलशास्त्रज्ञांनी.

जॉन हर्शेल यांनी स्वतःला दिसणाऱ्या अशा आकृत्यांविषयी जाहीरपणे लिहिले. राजखगोलज्ञ जॉर्ज बिडेल एअरी यांनी १८६५ साली आपल्या अनुभवाची सचित्र नोंद प्रसिद्ध केली. त्यांचे पुत्र ह्यूबर्ट एअरी हे वैद्य. त्यांनी १८७० मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात विस्तृत निबंध लिहिला, त्यासोबत रंगीत चित्रे दिली आणि या दर्शनाला ‘टायकॉप्सिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘टायकॉस’ म्हणजे नगराचा कोट, म्हणजे ‘कोटदर्शन’.

या लेखनाचे वेगळेपण उपमेत नाही, पद्धतीत आहे. आकाशातील बिंदू किती वाजता कोठे होता आणि केवढा होता, हे टिपण्याची सवय असलेल्या माणसांनी तीच सवय स्वतःच्या दृष्टीला लावली. ठिपका उमटला, एवढ्या मिनिटांनी त्याची कोर झाली, एवढ्या मिनिटांनी ती कडेला गेली : अशी वाक्ये लिहिली की ‘मग’ आपोआप येतो. ‘मी’ आणि ‘घड्याळ’ यांच्या संयोगातून एक नवा लेखनप्रकार उभा राहिला. १८७३ साली एडवर्ड लिव्हिंग यांनी अर्धशिशीवर जो ग्रंथ लिहिला त्याला असे कालक्रमाने रचलेले आत्मकथन आता हाताशी होते.

या पद्धतीचे फळ विसाव्या शतकात दिसले. कार्ल लॅशले या मानसशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये स्वतःच्या दृष्टिचिन्हाच्या आकृत्या वेळेसह काढल्या आणि मेंदूच्या दृष्टिक्षेत्रात काहीतरी दर मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर या गतीने सरकत असावे, असा हिशेब मांडला. १९४४ साली आरिस्तिदेस लेआंव या ब्राझिली संशोधकाने सशांच्या मेंदूवर याच मंद गतीने पसरणारी, विद्युत्क्रिया शमवत जाणारी लाट दाखवली. दोहोंचा मेळ पुढे घातला गेला, आणि २००१ साली माणसाच्या मेंदूच्या प्रतिमांत ऑरा चालू असताना तशी लाट सरकताना दिसली. म्हणजे एअरींचा ‘कोट’ प्रत्यक्षात चालणारी लाट निघाला. स्थिर वास्तूची उपमा चुकलेली होती. तिच्याभोवतीचे कालबद्ध निवेदन मात्र बरोबर होते. प्रतिमेवरच भर देणाऱ्या समीक्षेने याची नोंद घ्यावी.

४

आता मराठीकडे वळू. ‘अर्धशिशी’, हिंदीतील ‘आधासीसी’, संस्कृत ‘अर्धावभेदक’ आणि ज्यातून ‘मायग्रेन’ निघाला तो ग्रीक ‘हेमिक्रानिया’ या साऱ्या नावांत ‘अर्धा’ हा अवयव समान आहे. ही नावे दुखण्याला जागेने मोजतात. काळ त्यांच्या कक्षेत येत नाही. मराठी घरांत काळाचे भान आहे, पण त्याचे घड्याळ बाहेर, आकाशात आहे. सूर्याबरोबर चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या डोकेदुखीला सूर्यावर्त म्हटले गेले, आणि सूर्योदयापूर्वी जिलबी खाण्यासारखे घरगुती उपाय त्याच घड्याळावर बसवलेले आहेत. दुसरे स्पष्टीकरण पित्ताचे. डोके दुखले, उलटी झाली, हलके वाटले. तेव्हा पित्त पडले. या दोन्ही स्पष्टीकरणांत डोळ्याच्या साक्षीला जागा नाही.

शब्दांची मात्र वाण नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तारे चमकतात, अंधारी येते, तिरमिरी येते, डोळे दिपतात. यांतील ‘काजवे’ सुश्रुताच्या पित्तज तिमिरातील खद्योतांची आठवण करून देतात. पण त्यांचे व्याकरण तपासले पाहिजे. मराठीत काजवे चमकतात ते मार बसल्यावर. कानाखाली आवाज निघाला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आधी आघात, नंतर प्रकाश. ऑरामध्ये क्रम नेमका उलटा असतो. ‘अंधारी’ हा शब्द पुढे पाहणारा आहे खरा, पण त्याच्या पुढे घेरी येते, पडणे येते. ऐकणाऱ्याच्या मनात अशक्तपणा आणि उपास उभे राहतात. म्हणजे वाक्प्रचार प्रतिमा पुरवतो आणि त्याच वेळी तिला चुकीच्या क्रमात बसवतो. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापाच्या निमित्ताने व्याधींची भलीमोठी यादी येते. ती यादी आहे, कथा नव्हे. तिचे काम देहाच्या दुःखांचा आवाका दाखवणे हे आहे, त्यांचा क्रम लावणे हे नाही. शरीराविषयी बोलण्याचे आपल्याकडील अधिकृत वाङ्मयीन रूप बराच काळ यादीचे राहिले, या दृष्टीने हे उदाहरण बोलके आहे.

तटबंदीची उपमा मराठीत आणताना काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. गडकोटांच्या या प्रदेशात ती सहज रुजावी असे वाटेल. पण सह्याद्रीवरील गडाचा तट कड्याच्या वळणाने जातो आणि त्याचे बुरूज बहुधा गोल असतात. त्यात ती दातेरी लय नाही. फॉदरगिल आणि एअरी यांच्या नजरेपुढे होता तो तोफांच्या युगातील कोनाकृती बुरुजांचा युरोपीय कोट. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्याला त्याचा जवळचा नमुना पाहायचा असेल तर बोरीवलीच्या उत्तरेस, खाडीपलीकडे, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेल्या वसईच्या पोर्तुगीज किल्ल्यापर्यंत जावे लागेल. खुद्द मुंबईच्या किल्ल्याचा तट १८६० च्या दशकात, म्हणजे थोरले एअरी आपली नोंद प्रसिद्ध करत होते त्याच सुमारास, पाडला गेला. मागे ‘फोर्ट’ एवढे नाव उरले. मराठीला या आकारासाठी शब्द हवा असेल तर तो युद्धाकडे न मागता मागाकडे मागावा. विदर्भातील टसरच्या करवतकाठी लुगड्याचा दातेरी काठ एअरींच्या आकृतीशी कोणत्याही गडापेक्षा जास्त जुळतो. शिवाय काठाला धावते अंग असते, जे कोटाला नसते.

‘ऑरा’ या शब्दाचे काय झाले, हे याहून गंभीर आहे. मूळ झुळकेचा अर्थ मागे पडून मराठीत तो ‘वलय’, ‘आभा’, ‘तेजोवलय’ या शब्दांकडे सरकला आणि दिनदर्शिकेवरील देवादिकांच्या मस्तकामागील प्रभेशी जाऊन मिळाला. रुग्णाच्या आत दिसणारे चिन्ह संताच्या बाहेर दिसणाऱ्या तेजाचे नाव घेऊन वावरू लागले. हा निव्वळ परिभाषेचा घोटाळा नाही. समीक्षेतील एका जुन्या वादाला त्यामुळे मागच्या दाराने वाट मिळते.

५

तो वाद असा. चार्ल्स सिंगर यांनी १९१७ मध्ये हिल्डेगार्ड (१०९८–११७९) या जर्मन संन्यासिनीच्या दर्शनांचा विचार करताना तिच्या ग्रंथातील तारे, वर्तुळे आणि लुकलुकते प्रकाश हे अर्धशिशीचे दृष्टिविकार असल्याचे सुचवले. ऑलिव्हर सॅक्स यांच्या अर्धशिशीवरील ग्रंथाने (१९७०) हे मत सर्वदूर नेले. मराठी अभ्यासकाला पुढचा प्रश्न सुचल्यावाचून राहत नाही : नाथसंप्रदाय आणि वारकरी परंपरेतील बिंदू, निळाई, बिनसूर्याचा प्रकाश यांचे काय? गुरुदेव रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातील गूढवादावरील आपल्या १९३३ च्या इंग्रजी ग्रंथात प्रकाश, वर्ण, रूप आणि नाद यांच्या अनुभवांकडे साधनेतील अनुभव म्हणून गांभीर्याने पाहिले होते. ती सामग्री सिंगर यांच्या हाती दिली तर निदान तयारच आहे.

येथे दोन सोपे मार्ग दिसतात. पहिला, सारे प्रकाश मेंदूच्या लाटेवर सोपवून मोकळे होणे. दुसरा, संतांचा अनुभव देहापलीकडचा म्हणून प्रश्नच नाकारणे. दोन्ही मार्ग एकच चूक करतात : ते प्रतिमेला प्रतिमा जुळवतात. प्रतिमांच्या जुळणीने काहीही सिद्ध होते. खद्योत आणि इंद्रधनुष्य एवढ्यावर थांबायचे तर तोच पुरावा मोतीबिंदूलाही चालेल, योगानुभवालाही आणि अरिष्टालाही. चिन्हमीमांसेच्या भाषेत सांगायचे तर येथे चिन्हकांचे साम्य पाहून चिन्हिताविषयी निर्णय दिला जातो. लक्षण हे निर्देशचिन्ह आहे. ज्याचा ते निर्देश करते त्याच्याशी असलेला त्याचा संबंध साम्याचा नसून आनुपूर्वीचा असतो. धूर अग्नीसारखा दिसत नाही. तो अग्नीबरोबर येतो.

तेव्हा संहितेला विचारायचा प्रश्न ‘काय दिसले?’ हा नव्हे. ‘मग काय झाले?’ हा आहे. हिल्डेगार्डच्या बाबतीत निदान तिच्या आजारपणांचे उल्लेख दर्शनांच्या आसपास येतात. सिंगर यांच्या तर्काला तेवढा तरी आधार आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील योगवर्णनात तेजाच्या मागोमाग येते ती वेदना नव्हे, तर देहभावाचा लय. शिवाय तेथील रंग आणि प्रकाश हे एका व्यक्तीच्या एका सकाळची नोंद नाहीत. ती योगपरंपरेने दिलेली भाषा आहे, आणि तिचा क्रम साधनेच्या पायऱ्यांचा क्रम आहे. अशा संहितेला रुग्णाचा जबाब म्हणून वाचणे हा प्रथम लेखनप्रकाराविषयीचा गैरसमज आहे. वैद्यकातील चूक त्यानंतर येते. म्हणून संतांना डोकेदुखी कधी झालीच नसेल असे सिद्ध होत नाही. एवढेच ठरते की अभंग हा त्याचा पुरावा नव्हे.

६

हा सारा विचार ग्रंथालयापुरता ठेवता येणार नाही. मिशेल फूको यांनी दवाखान्याच्या जन्माचा इतिहास (१९६३) लिहिताना वैद्याची नजर रुग्णाच्या बोलण्यावर कशी मात करते हे दाखवले. ऑरा हा त्या नजरेला अपवाद आहे. तपासणाऱ्याला काही दिसत नाही. नेत्रवैद्याच्या खोलीत पोचेपर्यंत कोर विरून गेलेली असते. निदान जवळजवळ पूर्णतः रुग्णाच्या वाक्यावर उभे राहते, आणि ते वाक्य कोणत्या भाषेत कसे बांधले जाते यावर बरेच काही ठरते.

अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील दवाखान्यात हे वाक्य मराठी, गुजराती आणि हिंदी यांच्या सरमिसळीतून घडते. खिडकीच्या गजांतून लोकलमध्ये येणारे ऊन-सावलीचे पट्टे असोत की कार्यालयातील लुकलुकणारी नळी, असा प्रकाश हे अर्धशिशीचे सुपरिचित निमित्त आहे. पण ‘डोळ्यांपुढे काजवे येतात’ असे म्हणणाऱ्या बाईच्या वाक्याचा पूर्वार्धच ऐकला गेला तर उत्तर ठरलेले : रक्त कमी असेल, चष्म्याचा नंबर बदलला असेल, पित्त असेल. ‘काजवे येतात, वीस मिनिटांत जातात आणि मग डावे कपाळ उठते’ असे पूर्ण वाक्य झाले की निदान बदलते. त्याचे व्यावहारिक मोलही मोठे आहे. हळूहळू पसरत जाणारा दृष्टिदोष आणि एकाएकी पडदा पडल्यासारखे दिसेनासे होणे यांतील फरक अर्धशिशी आणि पक्षाघात किंवा नेत्रपटलाचा विकार यांतील फरक असू शकतो. ऑरासहित अर्धशिशी असलेल्या स्त्रीने इस्ट्रोजेनयुक्त संततिनियमनाच्या गोळ्या घेऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे, कारण तिला पक्षाघाताचा धोका वाढतो. एका न विचारलेल्या ‘मग’ची किंमत एवढी असू शकते.

स्थानिक बोलणे शास्त्रात शिरू शकते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. येथील डोकेदुखीचे तज्ज्ञ के. रविशंकर यांनी २००६ साली डोक्यावरून न्हाल्यावर अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली. ‘न्हायले की डोके दुखते’ हे घराघरांतले वाक्य तोपर्यंत तक्रार होते. आधी काय आणि नंतर काय हे नोंदले गेल्यावर ते निरीक्षण झाले. दृष्टिचिन्हांसाठी मराठीत असे काम व्हायचे आहे. काजवे, तिरमिरी, अंधारी, करवत हे शब्द कोण कोणत्या क्रमाने वापरतो, गुजराती किंवा कोकणी शेजारामुळे त्यांत काय बदलते, याची नोंद वैद्य आणि भाषेचे अभ्यासक मिळूनच करू शकतील.

वुल्फ यांची तक्रार म्हणूनच आपल्यापुरती दुरुस्त करून घ्यावी लागते. अर्धशिशीच्या उंबरठ्यावर मराठी मुकी नाही. दोन हजार वर्षांच्या प्रतिमा तिच्या पदरी आहेत. त्या प्रतिमांनी आपापली घरे फार लवकर धरली : डोळ्याच्या अध्यायात, अरिष्टाच्या यादीत, थपडेच्या वाक्प्रचारात, साधनेच्या पायऱ्यांवर. सुश्रुताने अपस्माराच्या रुग्णाला जे एक अव्यय उच्चारू दिले, ते डोकेदुखीच्या रुग्णालाही उच्चारता येणे ही भाषेची उरलेली जबाबदारी आहे. समीक्षकाची जबाबदारी त्याहून लहान, पण त्याच जातीची : प्रकाश दिसला की त्याचे नाव ठेवण्याची घाई न करता पुढची ओळ वाचणे.